खड्याच्या उजव्या बाजूचा गोंद

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवापुढे हात जोडून उभा असतानासुद्धा कधी पूर्ण वाक्यात म्हटलेलं नाही — अर्ध्यावर येतो आणि विषय बदलतो, स्वतःशीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि माझ्या ताईला तर अजिबातच ओळखत नाही. उद्या भाईंदर स्टेशनबाहेर समोरासमोर आलो तरी तुम्ही मान फिरवणार नाही. एवढी सोय बघूनच तोंड उघडलंय. म्हणजे भित्रेपणा अजून गेलेला नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

मी फोटोग्राफर आहे. लग्नाबारशाचा नाही — वस्तूंचा. भाईंदर पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत दुसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. खिडक्यांना काळे पडदे, मधोमध एक जड लाकडी टेबल, त्याच्याभोवती बटर पेपर लावलेले दिवे. स्टीलचे डबे येतात, अत्तराच्या बाटल्या येतात, आणि सगळ्यात जास्त येते ती इमिटेशन ज्वेलरी. वस्तूंना घाम येत नाही. वस्तू ‘माझी डावी बाजू चांगली येते हं’ म्हणत नाहीत. खरं सांगायचं तर मला माणसांपेक्षा वस्तू कायमच बऱ्या वाटत आल्या. त्यात काय वाईट, असं मीही म्हणायचो.

आणि मला नाव आहे. छोटंसंच, पण आहे. मीरा-भाईंदरमध्ये कुठल्याही ज्वेलरीवाल्याला विचारा — बारीक काम कोणाकडे द्यायचं? माझ्याकडे. माझ्या फोटोत खड्याचा पैलू मोजता येतो, तारेचा पीळ दिसतो, मोत्यावरची रंगाची साय दिसते. हे फुकट मिळत नाही. लोकांना वाटतं, महागडा कॅमेरा घेतला की झालं. कसलं झालं! दागिना लेन्सच्या इतक्या जवळ असतो की पुढचा खडा स्पष्ट आला तर मागचा धूसर येतो. लेन्सचं भोक आणखी बारीक करावं, तर एका मर्यादेनंतर सगळाच फोटो किंचित मऊ पडतो. मग करायचं काय? फोकस केसभर-केसभर मागे सरकवत एकाच दागिन्याचे साठ फोटो काढायचे, आणि कॉम्प्युटरवर प्रत्येकातला तेवढाच स्पष्ट पापुद्रा घेऊन त्यांचा एक फोटो करायचा. साठ फोटो होईपर्यंत काहीही हलता कामा नये. काहीही म्हणजे काहीही.

माझ्या गाळ्याखाली खोकी छापायचा प्रेस आहे. तो चालू असला की माझी फरशी गुणगुणते. पायाला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रेस दुपारी एक ते दोन जेवायला बंद होतो — तो माझा तास. स्टँडला वाळूच्या पिशव्या बांधलेल्या, दार आतून लावलेलं, पंखा बंद, आणि मी हातात रिमोट घेऊन पुतळ्यासारखा उभा. चहावाला सवयीने दाराशीच थांबायचा आणि काचेतून खूण करायचा. एकदा बायको डबा घेऊन आली तर तिलाही मी बाहेर जिन्यावर बसवून ठेवलं होतं. तासभर. ती अजून हसून सांगते ते सगळ्यांना.

मी मुद्द्यावर येत नाहीये, कळतंय मला.

ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. सुलभा तिचं नाव. परळची खोली सोडून आम्ही सगळे इकडे आलो तेव्हा मी शाळेत होतो आणि ती लग्नाची होती. आई नोकरीला जायची, त्यामुळे माझं दप्तर, माझे ताप, माझी मारामारी हे सगळं ताईच्या खात्यावर. लग्न करून ती नवघरला राहिली, दोन खोल्यांत. भावोजी कंपनीत शिफ्टला, एक मुलगी — प्राची. आणि ताई घरी बसून खडे लावायची.

इकडे हे काम घरोघर चालतं. कारखान्यातून पितळी सांगाडे येतात — हार, ठुशा, चिंचपेट्या — आणि सोबत खड्यांच्या, अर्ध्या मोत्यांच्या पुड्या. बाईने मांडीवर ताट घ्यायचं, सुईने गोंदाचा थेंब सोडायचा, मेण लावलेल्या काडीने खडा उचलायचा आणि सांगाड्यातल्या त्याच्या घरात बसवायचा. खडा तिळाएवढा. थेंब त्याहून लहान. जास्त झाला तर बाहेर येतो, सुकला की पिवळट दिसतो. ताईचा थेंब कधी बाहेर यायचा नाही. बावीस वर्षं तिने हे केलं. ‘माझ्या हाताखालचा पीस धुवायला लागत नाही,’ असं ती चारचौघींत म्हणायची आणि त्या चौघी माना डोलवायच्या, कारण ते खरंच होतं.

किरीटभाईंकडे मला तिनेच नेलं. किरीटभाई म्हणजे ज्यांचा तो माल, ते. ताई त्यांना म्हणाली, ‘शेठ, मेरा भाई फोटो निकालता है. एक बार देखो तो.’ त्यांनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांचा अख्खा कॅटलॉग माझ्याकडे आला. माझं घर त्यावर उभं राहिलं, पूनम सागरमधला भाड्याचा फ्लॅटसुद्धा.

आता किरीटभाईंची एक पद्धत सांगतो. ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. फोटोला येणाऱ्या प्रत्येक पिसाच्या पाकिटात चिठ्ठी असायची — काम कोणी केलं तिचं नाव. पहिल्याच महिन्यात माझा फोटो मोठा करून बघताना ते म्हणाले, ‘अरे, इसमें तो सब दिखता है! मेरी आँख से तो कुछ पकड़ में नहीं आता. तू ऐसा कर, गोंद बाहर दिखे तो मुझे नाम बोल.’ मी विचारलं, नाव घेऊन काय करणार? काम काढून घेणार? तर ते दुखावलेच. ‘काम क्यों निकालूँगा? आँख दिखाने भेजूँगा. चश्मा लगाके आएगी, फिर ले जाएगी काम. मेरी माँ भी यही करती थी, मुझे मालूम है आँख का.’

आणि ते तसंच करायचे. नवघरचीच एक बाई होती. तिच्या पिसावर मला गोंदाचे डाग दिसले. मी नाव सांगितलं. तिचं काम आठ-दहा दिवस थांबलं, तिला डोळे तपासायला पाठवलं, चष्मा लागला, काम परत सुरू झालं. तिने ताईबरोबर माझ्यासाठी नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या. मी खाल्ल्या. चांगल्या होत्या.

म्हणजे, नाव सांगितल्याने काय होतं ते मला ठाऊक होतं. वाईट काही होत नाही, हे ठाऊक होतं. ताईचं काम जाईल म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे स्वतःला कितीदा पटवलं — पण ती पळवाट मी इथे बंद करतो.

ताईच्या पिसावर पहिला डाग दिसला तेव्हा मी हसलो होतो. चला, बाईसाहेबांचाही थेंब सांडला म्हणायचं! पुढच्या वेळी चिडवू, असं ठरवलं, आणि कॉम्प्युटरवर तो डाग पुसून टाकला. आजूबाजूचा स्वच्छ भाग उचलायचा आणि डागावर बसवायचा — दोन मिनिटांचं काम. पुढच्या पाकिटात तीन डाग होते. तेही पुसले. त्याच्या पुढच्या पाकिटात किती होते ते मी मोजलं नाही.

मला वाटलं, घाई झाली असेल. प्राचीची परीक्षा होती, भावोजींच्या शिफ्टा बदलल्या होत्या, घरात काम वाढलं होतं —

नाही. हे खोटं आहे. बघा, तुमच्याशीसुद्धा तेच करायला निघालो होतो.

घाई मला वाटली नव्हती. घाईत सांडलेला गोंद कुठेही सांडतो — वर, खाली, डावीकडे. ताईच्या पिसावर तो एकाच जागी होता. प्रत्येक खड्याच्या उजव्या अंगाला, किंचित खाली. एकूण एक खड्याच्या. मी अख्खं आयुष्य वस्तूंकडे डोळ्यांत तेल घालून बघण्यात घालवलंय, मला हे कळणार नाही होय? एके दिवशी मी तिचे दहा पीस एकाखाली एक लावले आणि प्रत्येक डागाभोवती लाल गोल काढला. सगळे गोल एका बाजूला. पावसाची तिरकी सर यावी तसे. मी खुर्चीत मागे टेकून बघत बसलो, आणि मला स्वच्छ कळलं — हात बिघडलेला नाही. हात पहिल्याइतकाच स्थिर आहे. तेवढा तुकडा तिला दिसत नाहीये.

ती फाइल मी ‘ताई’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवली. फोल्डर बंद केलं. आणि जेवायला गेलो.

का? हाच प्रश्न आहे ना? मीही चार वर्षं हाच विचारतोय, आणि दर वेळी जे उत्तर येतं ते इतकं क्षुद्र असतं की मी दुसरं शोधायला लागतो. किरीटभाईंपुढे माझ्याच बहिणीचं नाव घ्यायची लाज वाटली. तिनेच मला तिथे नेलं होतं, तिचा हात स्वच्छ म्हणून माझा शब्द चालला होता. मग तिचे डाग गुपचूप पुसताना मला बरं वाटायला लागलं. हो — बरं. बहिणीची अब्रू राखतोय, तिला न कळू देता! लहानपणी तिने माझं केलं, आता मी तिचं करतोय. आपल्याच चांगुलपणाने मला गहिवरून यायचं. पुसलेला प्रत्येक डाग तिच्या डोळ्यांबद्दल काहीतरी सांगत होता, आणि मी तेच पुसत होतो.

पण हेसुद्धा खरं पाप नाही. खरं पाप एका दुपारचं आहे. तिथे जायला नको म्हणून इतकं लांबण लावतोय.

किरीटभाईंनी मराठी दागिन्यांचं नवं कलेक्शन काढलं होतं. प्रदर्शनातल्या स्टॉलसाठी त्यांना एकच फोटो हवा होता — भिंतभर. एक चिंचपेटी, माणसाच्या उंचीएवढी मोठी केलेली. एवढा मोठा फोटो करायचा तर बारकावे तेवढेच करकरीत हवेत. जरा मऊपणा राहिला की भिंतीवर त्याचा चिखल होतो. मी तीन दिवस त्याच्यावर होतो. पहिल्या दिवशी धूळ नडली — ब्रशने, फुंकणीने एकेक कण काढला, तरी मोठं केलं की कापसाचे धागे दिसायचे. दुसऱ्या दिवशी खड्यांची चमक फुटली, बटर पेपरचे थर वाढवावे लागले. थर वाढवले की उजेड कमी, उजेड कमी की प्रत्येक फोटोला कॅमेरा जास्त वेळ उघडा राहणार, म्हणजे तेवढंच जास्त स्थिर राहायचं. तिसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला प्रेस बंद झाला आणि सगळं जमून आलं. चिंचपेटी अर्थात ताईच्या हातची होती. किरीटभाईंनी मुद्दाम तिलाच सांगितली होती.

वीस-बावीस फोटो झाले असतील. दारावर टकटक झाली आणि दार उघडलं. कडी नीट लागली नव्हती. ताई आत आली.

ती माझ्या गाळ्यावर फारशी कधी यायची नाही. चपलांच्या आवाजावरूनच मी तिला ओळखलं आणि मागे न बघताच हात वर केला. ‘ताई, आहेस तिथेच थांब. हलू नकोस.’

‘नाही हलत रे बाबा,’ ती म्हणाली. ‘नंदू, एक विचारायचं होतं.’

‘विचार. पण हलू नकोस.’

ती दाराशी चप्पल न काढता उभी राहिली. मी बटण दाबलं. तेविसावा. ती हळू आवाजात बोलायला लागली, मला त्रास नको म्हणून जवळजवळ कुजबुजत. ‘हल्ली ना, खडा बोटाखाली असतो आणि गायब होतो. मान फिरवली की परत दिसतो. काल वरणाची वाटी सरळ कडेवर ठेवली मी, पडली. हे म्हणतात वय झालं. प्राची म्हणते डोळे दाखव. पण काम तर होतंय माझं, नाही का? तुझ्या या मशीनमध्ये बारीकसारीक सगळं दिसतं. तूच बघून सांग ना. नीट येतंय ना रे काम? खराब येत असेल तर मी जाते डॉक्टरकडे. उद्याच जाते.’

समोर स्क्रीनवर त्या क्षणी तिचीच चिंचपेटी होती. मी फोकस तपासायला एक खडा मोठा केला होता, पूर्ण स्क्रीनभर. त्याच्या उजव्या अंगाला, किंचित खाली, गोंदाचा पिवळट ओघळ होता. इतका स्पष्ट, की त्यात अडकलेला हवेचा बुडबुडासुद्धा दिसत होता. मी आयुष्यात काढलेली सगळ्यात शार्प गोष्ट असेल ती.

घड्याळात दीड वाजला होता. प्रेस चालू व्हायला अर्धा तास. खरं सांगितलं असतं तर ती टेबलापाशी आली असती — बघू, दाखव, कुठे? फरशी हलली असती. किंवा रडली असती. किंवा म्हणाली असती, ‘असा खराब पीस भिंतीवर नको लावूस, मी नवा करून देते,’ आणि माझे तीन दिवस गेले असते. एवढंच होतं. शपथेवर सांगतो, त्या वेळी डोक्यात दुसरं काहीही नव्हतं. ना तिचं काम, ना माझी लाज, ना किरीटभाई. मला ती फक्त गप्प आणि स्थिर हवी होती.

‘एकदम फर्स्ट क्लास आहे काम,’ मी म्हणालो. ‘पहिल्यापेक्षा चांगलं. काही झालेलं नाही तुझ्या डोळ्यांना.’

मी तिच्याकडे वळूनही बघितलं नाही.

तिने सुस्कारा सोडला. बरं वाटल्याचा. ‘मग झालं,’ म्हणाली. ‘उगाच घाबरवतात मेली.’ आणि ती तिथेच उभी राहिली, पुढचे सदतीस फोटो होईपर्यंत. हलली नाही. मी हलू नकोस म्हटलं होतं ना. साठ पूर्ण झाले तेव्हा मी वळलो, तर ती हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता उभी होती. पिशवीत माझ्यासाठी अळूवड्या होत्या.

फोटो अप्रतिम आला. संध्याकाळी बसून मी त्यातला गोंद पुसला — एकेक खड्याचा, उजव्या बाजूचा, किंचित खालचा. प्रदर्शनात लोक त्या भिंतीपुढे थांबत होते. ‘हाथ देखो कारीगर का,’ किरीटभाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, ‘एक बूँद बाहर नहीं!’ त्यांनी त्याची एक प्रत फ्रेम करून ताईला दिली. तिच्या बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, ती अजून आहे.

त्यानंतर ताई डोळ्यांचं नाव काढू देईना. प्राचीने विषय काढला की म्हणायची, ‘नंदूने मशीनमध्ये बघितलंय. डॉक्टरच्या मशीनपेक्षा मोठं मशीन आहे त्याचं.’ शेजारणीला सांगायची, भावोजींना सांगायची. मी समोर असलो की माझ्याकडे बघून मान हलवायची, आणि मीही हलवायचो. वर्षभर. या वर्षभरात तिच्याकडून पाकिटं येत राहिली आणि मी पुसत राहिलो. रोज एक संधी होती. रोज! फोन उचलायचा आणि म्हणायचं, ताई, त्या दिवशी मी नीट बघितलं नव्हतं, जा दाखवून ये. त्यात माझं काय जात होतं? पण आधी सांगितलं नाही हे सांगावं लागलं असतं. ते नको म्हणून आणखी एक दिवस. आणि आणखी एक.

मग एका सकाळी ती भाजी घेऊन घरी परतताना उजवीकडून आलेल्या रिक्षाला जाऊन धडकली. लागलं फार नाही. पण रिक्षावाला प्राचीला म्हणाला, ‘मैंने हॉर्न मारा, फिर भी ऐसे चलती आई जैसे मैं वहाँ हूँ ही नहीं.’ त्याच आठवड्यात आम्ही तिला ठाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. घोडबंदर रोडने बस चालली होती. ताईला उलट्या तोंडाच्या सीटवर खिडकीशी बसवलं होतं, मी शेजारी. वरसावेच्या पुढे तिने विचारलं, ‘खाडी अजून आली नाही का रे?’

खाडी केव्हाच आली होती. खिडकीतूनच दिसत होती. ऊन पडलेलं, पाणी चकचकत होतं. तिची खिडकी उजवीकडे होती.

‘येईल,’ मी म्हणालो.

काचबिंदू. डॉक्टर शांत स्वभावाच्या बाई होत्या, त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हा आजार कडेकडून आत येतो. माणूस मान वळवून वळवून भागवतो, त्यामुळे त्याचं त्याला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून, गरज पडली तर ऑपरेशन करून, उरलेली राखायचा प्रयत्न करायचा. ‘वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात तर...’ एवढं बोलून त्या थांबल्या. मग विचारलं, ‘घरात कोणाच्याच काही लक्षात आलं नव्हतं का? काम करताना काही चुकतंय, एका बाजूचं दिसत नाहीये, असं काही?’

भावोजी जमिनीकडे बघत होते. प्राची रडत होती. डॉक्टर माझ्याकडे बघत होत्या, कारण मी एकटाच वर बघत होतो.

‘नाही,’ मी म्हणालो. ‘तसं काही नाही.’

उरलेलीही राखता आली नाही. ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं. आता ताईला समोरचा एक वाटोळा तुकडा दिसतो, नाण्याएवढा, तोही धुरातून. आपल्या हाताचं एक बोट दिसतं, दुसरं दिसत नाही. काडी, ताट, मेणाची डबी प्राचीने एका पिशवीत बांधून माळ्यावर टाकली. ताईने अडवलं नाही. एवढंच म्हणाली, ‘गोंदाचं झाकण घट्ट लाव, नाहीतर सुकेल.’

मी अजून फोटो काढतो. एक ते दोन. वाळूच्या पिशव्या, बटर पेपर, साठ फोटो. आधीपेक्षा चांगले येतात. दर फोटोत मी आधी खड्याची उजवी बाजू बघतो. त्या दुपारचे साठही मूळ फोटो आहेत माझ्याकडे — गोंदासकट. एकेकदा लावून बघतो. तेविसाव्यापासून पुढचे सगळे जरा जास्तच स्थिर आहेत, असं मला वाटतं. शहानिशा करता येणार नाही, पण वाटतं.

मागच्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दर रविवारी जातो. ताई भिंतीला हात लावत लावत बाहेरच्या खोलीत आली, त्या फ्रेमपाशी थांबली, काचेवरून बोट फिरवलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, ‘बघ गं, कसा हात होता माझा. एक थेंब बाहेर नाही.’ मग आम्ही पानावर बसलो. प्राची वाढत होती. ती हल्ली माझ्याशी कमी बोलते. की मला तसं वाटतं? वरण वाढता वाढता ती एकदम थांबली आणि म्हणाली, ‘मामा, तू तर आईचं काम इतकं मोठं करून बघायचास. तुला कधीच काही दिसलं नाही?’

मी तोंड उघडायच्या आधी ताईच बोलली. जरा चिडूनच. ‘काहीतरीच काय विचारतेस गं? त्याला दिसलं असतं तर तो बोलला नसता का?’

प्राची पुढच्या पानाकडे वळली. ताईने हाताने चाचपून माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. अर्धी पानाबाहेर पडली. मी ती आत ओढली, सगळं संपवलं आणि भात मागून घेतला.

मला दिसलं होतं.